वीज आणि रस्ता एकाच वेळी बंद पडतील तेव्हा : कडाक्याच्या हिवाळ्यासाठी शेतावरच्या घराची तयारी

हिमवादळात शहरातल्या घराची वीज गेली, तरी नळाला बहुधा पाणी येत राहते आणि रस्ता एखाद्या दिवसात मोकळा होतो. शेतावरच्या घराचे तसे नसते. तिथे वीज गेली की विहिरीवरचा पंप थांबतो, पंप थांबला की घरातले पाणी संपते आणि गोठ्यातल्या टाक्याही भरता येत नाहीत. तेलावर किंवा गॅसवर घर गरम ठेवणाऱ्या यंत्रणेचा पंखा विजेवर फिरत असल्याने इंधन शिल्लक असूनही खोल्या गार पडतात आणि खोल्या गार पडल्या की भिंतीतले नळ गोठतात. म्हणून दुकानातून आणायच्या वस्तूंची यादी करण्याआधी कुटुंबाने एकत्र बसून, वीज आणि रस्ता हे दोन्ही एकाच वेळी बंद पडले तर आपल्या घरात काय काय थांबेल आणि कोणत्या क्रमाने थांबेल, हे लिहून काढावे. प्रत्येक घराचा हा क्रम वेगळा असतो आणि तयारी त्या क्रमानेच करायची असते.

किती दिवसांची तयारी करावी, हा पुढचा प्रश्न. तीन दिवसांचा साठा ठेवावा असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, परंतु मुख्य रस्त्यापासून दूर असलेल्या घराला तो अपुरा पडतो. जानेवारी १९९८ मध्ये पूर्व कॅनडात गोठणाऱ्या पावसाने तारांवर बर्फाचे जाड थर चढले आणि विजेचे मनोरे कोसळले. त्या वेळी दक्षिण क्युबेकमधील काही घरांना चार आठवड्यांहून अधिक काळ विजेविना काढावा लागला. प्रत्येक हिवाळ्यात असे होत नाही, तरीही दोन आठवडे बाहेरच्या मदतीशिवाय राहता येईल इतकी तयारी हे मला वाजवी प्रमाण वाटते.

सरपण आणि धुरांडे

लाकडावर घर गरम ठेवायचे असेल, तर तयारीची सुरुवात मागच्या हिवाळ्याच्या अखेरीसच करावी लागते, कारण पैसे देऊनही ऐनवेळी मिळत नाही अशी एक गोष्ट म्हणजे नीट वाळलेले सरपण. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. लाकूड फोडून, जमिनीपासून थोडे वर, हवा खेळेल अशा बेताने रचावे; वरून झाकावे, पण बाजू उघड्या ठेवाव्यात. अशा रीतीने ठेवलेले लाकूड वाळायला किमान सहा महिने लागतात आणि कठीण लाकडाला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली गेला की ते जाळण्यायोग्य झाले. ओले लाकूड जाळले तर उष्णतेचा मोठा भाग त्यातले पाणी उकळण्यातच खर्च होतो, धूर थंड राहतो आणि धुरांड्याच्या आतल्या बाजूला क्रिओसोट नावाचा डांबरासारखा ज्वालाग्राही थर साचत जातो. पुढे एखाद्या रात्री मोठा जाळ केला की हाच थर पेट घेतो. त्यामुळे हंगामापूर्वी दरवर्षी धुरांडे साफ करून तपासून घेणे टाळू नये. शेगडीतून काढलेली राख वरून विझलेली दिसली तरी तिच्यात दडलेले निखारे कित्येक दिवस जिवंत राहू शकतात. ती झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून घरापासून आणि गवताच्या गंजीपासून लांब ठेवावी.

एकच खोली गरम ठेवा

वीज नसताना सगळे घर गरम ठेवण्याचा हट्ट सोडून द्यावा. जिथे शेगडी आहे, किंवा जी खोली लहान, कमी खिडक्यांची आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची आहे, ती आधीच ठरवून ठेवावी. त्या खोलीत सगळ्यांनी झोपायचे, जेवायचे आणि दिवस काढायचे. दारांवर व खिडक्यांवर जाड ब्लँकेट टांगावीत, दाराखालची फट कापडाच्या गुंडाळीने बुजवावी आणि अंथरुणे थेट जमिनीवर न घालता खाली गादी किंवा चटईचे थर द्यावेत, कारण थंड जमीन शरीरातली उष्णता सतत ओढून घेते. एकदा ही व्यवस्था उन्हाळ्यातच मांडून पाहिली, तर कुठली गादी कुठे बसते आणि कुठल्या खिडकीला खिळे नाहीत, ते वेळेवर कळते.

मात्र फटी बुजवण्याच्या याच प्रयत्नात सर्वांत मोठा धोका लपलेला आहे आणि त्याविषयी मी जरा विस्ताराने लिहितो. कोणतेही इंधन अपुऱ्या हवेत जळले की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे हवेतले त्याचे थोडे प्रमाणही जीवघेणे ठरू शकते. कोळशाची शेगडी किंवा बाहेर वापरायची गॅसची शेगडी घरात ऊब मिळवण्यासाठी कधीही पेटवू नये. स्वयंपाकाच्या ओव्हनचे दार उघडे टाकूनही खोली तापवू नये. रॉकेलचा हीटर घरात वापरण्यासाठीच बनवलेला असेल तरच वापरावा, तोसुद्धा खिडकी थोडी उघडी ठेवून, आणि झोपण्यापूर्वी बंद करावा. जनरेटर घरात, पडवीत किंवा दार उघडे ठेवलेल्या गॅरेजमध्येही चालवू नये. तो दारे-खिडक्यांपासून किमान सहा मीटर अंतरावर, धूर घराकडे येणार नाही अशा दिशेला असावा. झोपण्याच्या जागेजवळ बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म बसवावा आणि हंगामाच्या सुरुवातीला त्याची बॅटरी बदलावी. एकाच घरातल्या अनेकांचे डोके एकदम दुखू लागले, गरगरले, मळमळले, तर तो थकवा किंवा सर्दी समजून झोपून न जाता सगळ्यांनी ताबडतोब मोकळ्या हवेत यावे आणि तिथूनच मदतीसाठी फोन करावा.

जनरेटरची आणखी एक गोष्ट. त्याची वायर घरातल्या भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचून घर चालू करण्याची युक्ती काही ठिकाणी वापरली जाते. अशाने वीज उलट्या दिशेने बाहेरच्या तारांत जाते आणि तार बंद आहे असे समजून खांबावर काम करणाऱ्या माणसाचा जीव जातो. इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर बाहेरच्या तारांपासून तोडून जनरेटरला जोडणारा स्विच, बसवून घ्यावा, नाहीतर उपकरणे थेट जनरेटरलाच जोडावीत. इंधन भरण्यापूर्वी यंत्र बंद करून थंड होऊ द्यावे.

पाणी

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दररोज चार लिटर धरावे. चौघांच्या कुटुंबाला दोन आठवड्यांसाठी ते सव्वादोनशे लिटरच्या आसपास भरते. एवढे पाणी न गोठणाऱ्या जागी, स्वच्छ आणि झाकणबंद भांड्यांत साठवावे. वादळाचा इशारा मिळताच बादल्या, टब, मोठी पातेली असे जे हाताशी असेल ते भरून घ्यावे. हे पाणी शौचालयासाठी आणि धुण्यासाठी चालते. बर्फ वितळवून पाणी मिळते हे खरे, पण ताज्या भुसभुशीत बर्फाच्या दहा लिटरमधून जेमतेम एक लिटर पाणी निघते आणि त्यासाठी सरपण बरेच जळते. पिण्यासाठी ते उकळूनच वापरावे.

नळ का फुटतात हे समजले की ते कसे वाचवायचे तेही समजते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी प्रसरण पावते. नळीत बर्फाचा बूच तयार होतो, तो वाढत जातो आणि बूच व बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावरचा दाब इतका वाढतो की नळी फुटते. पुष्कळदा ती बर्फ असलेल्या जागी न फुटता दुसरीकडेच फुटते. म्हणूनच कडाक्याच्या रात्री तोटी किंचित उघडी ठेवून पाण्याची बारीक धार चालू ठेवली की फायदा होतो: दाबाला वाट मिळते. बाहेरच्या भिंतीतल्या, तळघरातल्या आणि जमिनीखालच्या पोकळीतल्या नळ्यांवर हंगामापूर्वीच फोमचे वेष्टन चढवावे. बाहेरच्या तोट्यांना जोडलेले रबरी पाइप काढून ठेवावेत. सिंक बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर त्याखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवावीत, म्हणजे खोलीतली ऊब नळीपर्यंत पोहोचते. घरातला मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो कोणत्या बाजूला फिरवायचा, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असावे. वीज बराच काळ येणार नाही असे दिसले आणि घर गार पडू लागले, तर तो व्हॉल्व्ह बंद करून, सर्वांत वरची आणि सर्वांत खालची तोटी उघडून सगळ्या नळ्या रिकाम्या कराव्यात.

अन्न आणि औषधे

याविषयी फार सांगण्यासारखे नाही. न शिजवता किंवा थोड्या आचेवर खाता येईल असे, घरातल्या माणसांच्या सवयीचे अन्न असावे. फ्रिजचे दार उघडले नाही तर आतले अन्न सुमारे चार तास सुरक्षित राहते. गच्च भरलेला फ्रीझर सुमारे अठ्ठेचाळीस तास आणि अर्धा भरलेला चोवीस तास थंडी धरून ठेवतो. नेहमीची औषधे दोन आठवड्यांची शिल्लक ठेवावीत. इन्सुलिन गोठले तर निरुपयोगी होते, म्हणून ते खिडकीत किंवा बाहेर ठेवू नये. घरात कोणी विजेवर चालणाऱ्या ऑक्सिजन यंत्रावर असेल, तर वादळाचा अंदाज येताच, रस्ता चालू असतानाच त्या व्यक्तीला सुरक्षित ठिकाणी हलवणे हाच योग्य निर्णय होय.

जनावरे

जनावरांना माणसाइतकी उबदार जागा लागत नाही. त्यांना वाऱ्यापासून आडोसा, कोरडी जागा, भरपूर वैरण आणि न गोठलेले पाणी लागते. दाट आणि कोरडे हिवाळी केस असलेली गाय शून्याखाली सात-आठ अंशांपर्यंत विशेष त्रास न होता राहते, परंतु तेच केस भिजले तर पंधरा अंशांच्या तापमानातही तिला अंग गरम ठेवण्यासाठी जादा शक्ती खर्च करावी लागते. म्हणून थंडीपेक्षा ओल आणि वारा यांची काळजी अधिक करावी. चारा पचताना पोटातच उष्णता निर्माण होते, त्यामुळे वादळ येण्यापूर्वी आणि वादळ चालू असताना वाळलेली वैरण नेहमीपेक्षा जास्त घालावी. पाणी मात्र बर्फ खाऊन भागेल असे मानू नये. पाणी कमी पडले की जनावर खाणे कमी करते आणि खाणे कमी झाले की ते थंडीला तोंड देऊ शकत नाही. पंप बंद असताना टाकीपर्यंत पाणी कसे न्यायचे, हातपंप चालू अवस्थेत आहे का, हे आधीच पाहून ठेवावे.

गोठा पूर्ण बंद करण्याचा मोह होतो, तो आवरावा. जनावरांच्या श्वासातली वाफ आणि मुताचा अमोनिया बाहेर जायला छताजवळ वाट हवी. कोंबड्यांच्या तुऱ्यांना हिमदंश होण्यामागेही थंडीच्या जोडीला खुराड्यातली कोंदलेली ओल हे मोठे कारण असते. उष्णतेचे दिवे गवताजवळ टांगणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे आहे, त्यामुळे ते शक्यतो टाळावेत.

घर आणि गोठा यांच्यामध्ये कमरेच्या उंचीवर एक मजबूत दोर बांधून ठेवावा. वाऱ्याने उडणाऱ्या बर्फात हातभर अंतरावरचे दिसत नाही. १२ जानेवारी १८८८ रोजी अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात अचानक आलेल्या हिमवादळात लोक घराच्या अगदी जवळ वाट चुकून मरण पावले होते. जनावरांना बघायला जाणाऱ्याने दोर सोडू नये आणि निघताना घरात सांगून जावे.

शरीर

शून्याखाली दहा अंश तापमान आणि ताशी तीस किलोमीटर वारा असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी जवळपास उणे वीस अंशांसारखी जाणवते. एका जाड कपड्याऐवजी सैल कपड्यांचे थर घालावेत. अंगालगत लोकर किंवा घाम शोषून न धरणारे कापड असावे आणि घाम येऊ लागताच एक थर उतरवावा. शरीराच्या आतले तापमान पस्तीस अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो: माणूस कुडकुडतो, बोलणे अडखळते, हात नीट चालत नाहीत, विचार गोंधळतात. अशा माणसाचे कुडकुडणे गोंधळ वाढत असतानाच थांबले, तर तो सुधारला असे नसून त्याची प्रकृती खालावत आहे असे समजावे. त्याला हळुवारपणे आत आणावे, ओले कपडे काढून कोरड्या पांघरुणात गुंडाळावे, आधी छाती व पोट यांना ऊब द्यावी, शुद्धीवर असेल तर कोमट गोड पेय द्यावे. दारू देऊ नये, हातपाय चोळू नयेत, आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवावी. हिमदंश झालेला भाग पांढुरका, मेणासारखा आणि बधिर होतो. तो पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तरच अंगाला सोसेल इतक्या कोमट पाण्यात ठेवावा. बर्फाने चोळू नये आणि आगीजवळ धरू नये, कारण बधिर त्वचेला भाजलेले कळत नाही.

वादळ थांबल्यावर

घाईने फावडे उचलू नये. थंडीत रक्तवाहिन्या आकसलेल्या असताना जड बर्फ उपसण्याने हृदयावर मोठा ताण येतो. हृदयविकार असलेल्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे आणि इतरांनीही थोडा थोडा बर्फ, थांबत थांबत काढावा. शेगडीच्या धुरांड्याचे तोंड आणि गॅसच्या यंत्रणेची बाहेरची नळी बर्फाने बुजली नाही ना, हे सर्वांत आधी पाहावे. वाहन सुरू करण्यापूर्वी त्याचा एक्झॉस्टही मोकळा करावा. ओला बर्फ फार जड असतो: अर्धा मीटर जाडीचा थर छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर दीडशे किलोपर्यंत भार टाकू शकतो. दारे अडकू लागली, भिंतींना नव्या भेगा दिसल्या किंवा छतातून कुरकुर ऐकू आली, तर माणसांना बाहेर काढावे. बर्फ ओढायचे काम लांब दांड्याच्या साधनाने जमिनीवर उभे राहून करावे, छतावर चढू नये.

नळ गोठलेला आढळला तर तोटी उघडी ठेवून, तोटीच्या बाजूने सुरुवात करून मागे मागे जात, गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने किंवा वीज आलेली असल्यास हेअर ड्रायरने तो तापवावा; ब्लो लॅम्प किंवा उघडी ज्योत वापरू नये. रिकाम्या केलेल्या नळ्यांत पाणी परत सोडताना मुख्य व्हॉल्व्ह एकदम पूर्ण न उघडता थोडाच उघडावा, एकाने व्हॉल्व्हपाशी थांबावे आणि दुसऱ्याने घरभर फिरून प्रत्येक सांधा हाताने चाचपून पाहावा. कुठेही ओल लागली तर व्हॉल्व्ह लगेच बंद करावा. पाणी गरम करण्याची टाकी पूर्ण भरल्याची खात्री होईपर्यंत तिची वीज किंवा गॅस चालू करू नये.