फ्रान्सला पोस्टडॉकला जायचंय? आधी जन्माचा दाखला काढून बघा

आपल्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यातले थिन फिल्म, नॅनो मटेरियलवर काम करणारे पीएचडी झाली की पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या रिसर्चच्या तात्पुरत्या नोकरीला, सरळ कोरियाची वाट धरतात, सीनियर तिकडं असतात ना. फ्रान्सचं कुणी नाव काढत नाही, का तर फ्रेंच येत नाही. मला पण येत नव्हतं. सांगलीत विश्रामबागच्या खोलीत बसून तिकडच्या प्रोफेसरना मेल टाकत होतो, शेवटी ग्रेनोबलला दोन वर्षं काढली. लॅबमध्ये इंग्रजीवर भागतं, फ्रेंच लागतं ते खोली बघताना आणि सरकारी ऑफिसात.

आधी पैसा कुणाकडं असतो ते बघा. सीएनआरएस, सीईए, इनरिया, इनसर्म ह्या तिकडच्या सरकारी रिसर्च संस्था, बऱ्याच लॅब सीएनआरएस आणि युनिव्हर्सिटी मिळून चालवतात, त्यामुळं एकाच लॅबला तीन-चार नावं दिसली तर गोंधळू नका. पोस्टडॉकचा पगार बहुतेक वेळा प्रोफेसरच्या प्रोजेक्टमधून निघतो, म्हणजे एएनआर (रिसर्चला पैसा देणारी फ्रेंच सरकारी एजन्सी) नाहीतर युरोपियन युनियनची ग्रँट. सीएनआरएसच्या जॉब पोर्टलवर आणि युराक्सेस ह्या रिसर्चरसाठीच्या युरोपियन वेबसाइटवर जागा येतात, पण नुसती जाहिरातीची वाट बघत बसू नका, ज्याला नवीन ग्रँट लागलीय त्याला आधीच गाठा.

आणि मेल, बाबांनो! 'रिस्पेक्टेड सर' करून पन्नास जणांना एकच मेल चिकटवू नका, मी तेच केलं, एकाचंही उत्तर आलं नाही. मग एकाचा पेपर नीट वाचला, त्यातल्या सॅम्पलचा एक्सआरडी म्हणजे एक्स-रे तपासणीचा ग्राफ बघून एक शंका विचारली, आणि मला कुठली मशीन स्वतः चालवता येते ते दोन ओळीत लिहिलं. तिसऱ्या दिवशी उत्तर. ऑगस्टमध्ये मात्र मेल टाकू नका, सगळे सुट्टीवर असतात.

स्वतःची फेलोशिप हवी असेल तर युरोपियन युनियनची मारी क्युरी फेलोशिप, डेडलाइन साधारण सप्टेंबरमध्ये असते. पीएचडीनंतरचा रिसर्चचा अनुभव ८ वर्षांपेक्षा जास्त नको, आणि मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त फ्रान्समध्ये राहिलेलं नको, सांगलीत बसलेल्याला ही अट आपोआप पास. प्रपोजल मात्र तिकडच्या प्रोफेसरसोबत बसूनच लिहायचं, म्हणजे एप्रिल-मेपर्यंत माणूस ठरलेला पाहिजे.

ऑफर आली की लगेच राजीनामा देऊ नका. काही लॅब झेडआरआर म्हणजे सिक्युरिटीवाल्या असतात, तिथं तुमची फाइल तपासायला दोन महिने जाऊ शकतात. मग संस्था 'कन्व्हेन्शन दाक्युई' नावाचा कागद, म्हणजे तुम्हाला रिसर्चसाठी ठेवून घेण्याचा करार, देते, त्यावर रिसर्चरचा टॅलेंट व्हिसा मिळतो, बायकोला किंवा नवऱ्याला पण तिथं काम करता येतं. पगाराचा आकडा 'ब्रूट' म्हणजे कपातीच्या आधीचा असतो, हातात साधारण पाचवा हिस्सा कमीच धरा.

आता दाखला. तिकडं सोशल सिक्युरिटीचा नंबर काढायला आईवडिलांची नावं असलेला जन्मदाखला मागतात. माझा काढून बघितला तर नावाच्या जागी नुसती रेघ! बारशाच्या आधीच नोंद झालेली, नंतर कुणी नाव घालायलाच गेलं नाही. वडिलांनी शाळा सोडल्याचा दाखला घेऊन तीन हेलपाटे मारले, मग नाव चढलं, मग अपोस्टील म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का, आणि फ्रेंच भाषांतर तिकडं गेल्यावर सरकारमान्य भाषांतरकाराकडून. तुमचा कपाटातला दाखला आजच काढा, नावाचा रकाना बघा.