सदोष ध्वनिमुद्रणे उत्तम यंत्रणेवर कशी ऐकावीत

उंची अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर ध्वनिमुद्रणाचे गुण जितके खुलवतात तितकेच त्याचे दोषही उघडे पाडतात. त्यामुळे गावच्या सप्ताहात कुणीतरी टेपरेकॉर्डरवर घेतलेले कीर्तन किंवा खुलताबादच्या उरुसातली कव्वाली जुन्या टू-इन-वनवर गोड वाटते आणि लाखभर रुपयांच्या यंत्रणेवर कर्कश लागते. अशा वेळी नवी केबल विकत घेण्याआधी पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

दोष मुद्रणाचाच आहे, याची प्रथम खात्री करावी. उत्तम मुद्रण असलेली ओळखीची सीडीही कानाला टोचत असेल, तर कारण बहुधा खोलीत असते. आपल्याकडच्या बैठकीत खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब आणि चारही बाजूंना उघड्या भिंती असल्यामुळे ट्रेबल (उंच पट्टीचा आवाज) आदळून परत येतो. स्पीकर आणि श्रोता यांच्यामध्ये जाड सतरंजी अंथरावी, बाजूच्या भिंतींवर गोधडी टांगावी, आणि स्पीकरची तोंडे कानांकडे न वळवता सरळ समोर ठेवावीत.

सप्ताहातल्या कॅसेटकडे मात्र सवडीने लक्ष द्यावे लागते. ज्या यंत्रावर ती मुद्रित झाली त्याच्या हेडचा (टेपवरचा आवाज मुद्रित करणाऱ्या व वाचणाऱ्या भागाचा) कोन आपल्या डेकच्या (कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राच्या) हेडशी क्वचितच जुळतो, आणि तो जुळला नाही की टाळांची चमक हरवते. हेडशेजारच्या स्क्रूची मूळ स्थिती खुणेने नोंदवून, चुंबकत्व नसलेल्या पेचकसाने तो अगदी थोडा थोडा फिरवावा आणि टाळ सर्वांत स्वच्छ ऐकू येतील तिथे थांबावे. त्यानंतरच अ‍ॅम्प्लिफायरवरचे मोनोचे, म्हणजे डावी-उजवी वाहिनी एकत्र करणारे, बटण दाबावे. मूळ मुद्रण मोनो असल्याने दोन्ही वाहिन्यांत गाणे एकच असते, टेपची सरसर मात्र वेगवेगळी. त्यामुळे वाहिन्या एकत्र केल्यावर गाण्याच्या तुलनेत ती सुमारे ३ डेसिबलने उतरते. हेडचा कोन चुकलेला असताना हेच केले तर सरसरीबरोबर टाळही बुजतात.

मंडपातल्या भोंग्यासमोर घेतलेल्या मुद्रणात २ ते ४ किलोहर्ट्‌झचा पट्टा फार बोचतो. इक्वलायझरवर (आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनावर) तो दोन-तीन डेसिबलने खाली घ्यावा, आणि ८० हर्ट्‌झखाली वाऱ्याची व मोटारीची घरघरच उरलेली दिसल्यास सबवूफर (खर्जासाठीचा वेगळा स्पीकर) सरळ बंद करावा. टोन कंट्रोलला हात लावणे म्हणजे पाप, असे मानणारे शौकीन आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे दुर्लक्ष केलेले बरे. सरसर मुळापासून काढणारी सॉफ्टवेअर मात्र जपून वापरावीत, कारण अतिरेक झाला की विणेकऱ्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. संगणकावर उतरवलेली पहिली प्रत कोणतीही सफाई न करता जपावी आणि प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांना टोकाची त्रिज्या सुमारे ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असलेली सुई लागते. एलपीची (नंतरच्या बारीक खाचेच्या तबकडीची) सुई त्यांच्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखर वाढवते.

सीडीच्या काळात आवाज मोठा भासावा म्हणून चढउतार दाबून टाकलेल्या आवृत्त्यांवर यांपैकी कोणताही इलाज चालत नाही, कारण दाबलेला चढउतार इक्वलायझरने परत येत नाही. त्याच गाण्यांची जुनी एलपी किंवा सुरुवातीच्या काळातली सीडी शोधावी, आणि ती मिळेपर्यंत आवाज थोडा कमी ठेवून ऐकावे.