फॉसिलचे टाइप स्पेसिमेन कॅटलॉग करायला बसताय? कोकणातला अनुभव

जिओलॉजीची मुलं हल्ली बऱ्याचदा विचारतात, की म्युझियमच्या कलेक्शनवर प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम मिळालंय, सर म्हणाले टाइप स्पेसिमेनचा कॅटलॉग करा, म्हणजे नक्की काय करायचं? मी हेच काम करते, रत्नागिरीकडे, एका जुन्या कलेक्शनवर. कच्छचे अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखाचे, नामशेष झालेले समुद्री प्राणी), तमिळनाडूतल्या अरियालूरचे शंख-शिंपले आणि आपल्याकडे जांभ्याखाली विहीर खणताना काळ्या चिकणमातीत लिग्नाइट, म्हणजे कच्चा तपकिरी कोळसा, लागतो ना, त्यातले लाकडाचे तुकडे, असं सगळं एकाच खोलीत. तेव्हा जे लिहितेय ते कोकणातली हवा धरून लिहितेय, कोरड्या हवेच्या शहरात बसलेल्यांना यातलं निम्मं लागणार नाही.

आधी टाइप म्हणजे काय ते पक्कं करा. कोणी नवी प्रजाती पेपरात, म्हणजे छापील शोधनिबंधात, जाहीर करतं तेव्हा ते नाव एका विशिष्ट नगाला बांधलेलं असतं, उद्या कोणाला शंका आली की ही प्रजाती खरंच वेगळी आहे का, तर त्याला फिरून त्याच नगाकडे यावं लागतं, दुसरा कितीही देखणा नमुना असला तरी चालत नाही. लेखकाने असा एकच नग निवडला असेल तर तो होलोटाइप, त्याच्यासोबत दिलेले बाकीचे पॅराटाइप. जुन्या पेपरांमध्ये लेखक एक निवडत बसायचे नाहीत, पाच-सात नग समोर ठेवून वर्णन लिहायचे, ते सगळे सिनटाइप. त्यातला एक पुढे कोणीतरी छापील पेपरात निवडला की तो लेक्टोटाइप आणि उरलेले पॅरालेक्टोटाइप. आणि सगळेच हरवले किंवा नष्ट झाले असतील आणि खरंच गरज असेल तर निओटाइप. प्राण्यांसाठी हे नियम आयसीझेडएनच्या, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या, कोडमध्ये आहेत, चौथी आवृत्ती 1999 ची, लागू 1 जानेवारी 2000 पासून, आणि तेव्हापासून नवी प्रजाती करताना टाइप कुठला आणि तो कुठल्या कलेक्शनमध्ये ठेवणार हे पेपरात स्पष्ट लिहावंच लागतं. वनस्पतींचा कोड वेगळा आहे बरं का. म्हणजे लिग्नाइटमधलं लाकूड, पान, परागकण यांना प्राण्यांचे नियम लावू नका, तिथे आयसोटाइप वगैरे वेगळ्या भानगडी आहेत. टोपोटाइप हा शब्द लेबलांवर खूप दिसेल, त्याचा अर्थ एवढाच की मूळ जागेवरूनच गोळा केलेला नग, नाव त्याच्यावर टांगलेलं नसतं, त्यामुळे तो टाइपच्या कपाटात जात नाही.

आता मुख्य गोष्ट, आणि हीच मला सगळ्यात कळकळीने सांगायचीय. टाइप लेबलवरून ठरत नाही, छापलेल्या पेपरावरून ठरतो. लेबलवर लाल शाईत मोठ्ठं 'टाइप' लिहिलेलं असेल, तरी मूळ पेपर उघडून, वर्णन वाचून, प्लेटवरच्या (पेपरातल्या चित्रांच्या पानावरच्या) चित्राशी तो दगड जुळवून पाहिल्याशिवाय कॅटलॉगमध्ये होलोटाइप लिहायचं नाही. आणि उलटही होतं, लेबल साधं 'अमोनाइट, कच्छ' एवढंच म्हणतं आणि नग निघतो छापलेला. जुने पेपर मिळत नाहीत म्हणून अडून बसू नका, बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी आणि इंटरनेट अर्काइव्हवर एकोणिसाव्या शतकातलं खूप काही फुकट आहे, जिओलॉजिकल सर्व्हेच्या 'पॅलिऑन्टोलॉजिया इंडिका'चे जुने भागसुद्धा सापडतात. कच्छच्या अमोनाइटवर वागेनचं काम 1870 च्या दशकातलं आणि स्पाथचं 1927 ते 1933 चं, कच्छचं कलेक्शन हाताळायचं तर ही दोन नावं रोज लागतात.

पेपर शोधताना मूळ नावाने शोधा, आत्ताच्या नावाने नाही. आपल्याच किनाऱ्यावरचं उदाहरण घ्या, मुंबईत वरळीच्या टेकडीत, डेक्कन ट्रॅपच्या लाव्हाच्या थरांमध्ये जो गाळाचा थर आहे त्यात छोट्या बेडकांचे जीवाश्म मिळाले. लंडनमध्ये रिचर्ड ओवेनने 1847 मध्ये त्याला राना पुसिला नाव दिलं, मग 1930 मध्ये नोबलने त्याच्यासाठी इंडोबॅट्रॅकस ही वेगळी जीनस (प्रजातींच्या वरचा गट) केली. टाइप मात्र ओवेनच्या नावाला बांधलेला आहे. नुसतं इंडोबॅट्रॅकस टाकून शोधणारा 1930 पर्यंत पोचतो आणि तिथेच थांबतो. म्हणून कॅटलॉगमध्ये पहिला रकाना मूळ नाव, लेखक, वर्ष, पान, प्लेट, आकृती, आणि आत्ताचं नाव वेगळ्या रकान्यात. आत्ताचं नाव बदलत राहणार, पहिला रकाना कधीच बदलत नाही.

जुळवायचं कसं, ते जरा सविस्तर सांगते कारण हे कोणी शिकवत नाही. प्लेटची चांगली स्कॅन मोठी करून स्क्रीनवर घ्या, शेजारी नग ठेवा, आणि टेबल लॅम्प डावीकडून वरून येईल असा लावा. फॉसिलच्या फोटोत उजेड डाव्या-वरच्या कोपऱ्यातून घ्यायचा संकेत आहे, तो जुळला की बरगड्यांच्या सावल्या तशाच पडतात आणि निम्मं काम तिथेच होतं. बऱ्याच फोटोंमध्ये नगावर अमोनियम क्लोराइडची पांढरी पूड धरलेली असते त्यामुळे प्लेटमध्ये तो पांढराफट दिसतो आणि तुमच्या हातात तांबूस-तपकिरी, रंगावर जाऊच नका. एकूण आकारावरही नको, एकाच थरातले दहा अमोनाइट सारखेच दिसतात. बघायचं ते अपघाताने झालेलं. तोंडाजवळची तुटकी कड कशी वळलीय, तिसऱ्या-चौथ्या बरगडीत चीर गेलीय का, शिंपल्यावर शिकारी गोगलगायीने पाडलेलं बारीक गोल भोक बरोबर कुठे आहे, दगडाची थोडी माती नाभीत, म्हणजे अमोनाइटच्या वेटोळ्याच्या मधल्या खळग्यात, अडकून राहिलीय का. एकदा एका शिंपल्याच्या प्लेटमध्ये बिजागरीच्या जवळ नखाएवढा टवका उडालेला दिसत होता, ड्रॉवरमध्ये तसे सात-आठ शिंपले, सगळ्यांवर एकच लेबल, आणि टवका फक्त एकावर, शिवाय वाढीच्या रेषा त्या टवक्याशी ज्या कोनात येऊन थांबतात तो कोनही तोच. असं जुळलं की मग मोजमाप घ्या, पेपरातल्या आकड्यांशी ताडा, आणि शेऱ्यात लिहा की कशावरून ओळखला. 'आकृतीशी जुळतो' एवढं पुरत नाही, कुठला टवका, कुठली चीर ते लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला तुमच्यावर नुसता विश्वास ठेवावा लागणार नाही. जुन्या लिथोग्राफच्या चित्रात मात्र कधीकधी नग आरशातल्यासारखा उलटा येतो, कारण दगडावर जसंच्या तसं काढलं की छापताना डावं-उजवं बदलतं, तेव्हा जुळत नसेल तर चित्र डावं-उजवं उलटं करून बघा.

आपल्याकडच्या कॉलेज कलेक्शनमध्ये हमखास भेटणारा प्रकार म्हणजे थिसिसमधली नावं. लेबलवर नवं नाव, पुढे नव्या प्रजातीची खूण, होलोटाइप असंही लिहिलेलं, आणि शोधून शोधून पेपर सापडत नाही कारण ते काम पीएचडीच्या थिसिसमध्येच राहिलं, छापून आलंच नाही. विद्यापीठाच्या लायब्ररीतल्या दोन-चार प्रतींना साधारणपणे प्रकाशन धरत नाहीत. म्हणजे नियमांच्या भाषेत नाव 'उपलब्ध' नाही, ते धरलंच जात नाही, म्हणजे टाइपही नाही. अशा वेळी लेबल फाडू नका, वेगळी नोंद करा 'अप्रकाशित नाव' म्हणून, आणि महत्त्वाचं म्हणजे ते नाव तुमच्या कॅटलॉगमधून सहज बाहेर जाऊ देऊ नका, नाहीतर नसलेली प्रजाती लोकांच्या याद्यांमध्ये फिरत राहते. ज्यांचं काम आहे ते हयात असतील तर फोन करा. मोठी माणसं फार आनंदाने बोलतात, आणि कुठल्या खाणीच्या कुठल्या बाजूला मिळालं हे त्यांच्याशिवाय कोणालाच माहीत नसतं.

जुनी लेबलं एकही टाकायची नाहीत, मग ती कसर लागलेली असो, अर्धी वाळवीने खाल्लेली असो, चुकीची असो. पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून नगासोबतच ठेवा. जागेचं नाव जसं लिहिलंय तसंच उतरवा, जुन्या इंग्रजी स्पेलिंगसकट, आणि आत्ताचं गाव-तालुका वेगळ्या रकान्यात. अक्षर लागत नसेल तर तिथल्या जुन्या लॅब अटेंडंटना विचारा. आमच्याकडे मामा आहेत, ते लेबल न वाचता अक्षरावरून सांगतात की हे कुठल्या सरांचं, म्हणजे साधारण कुठल्या वर्षांचं.

नंबर नगावर लिहायचा तर आधी न दिसणाऱ्या जागी पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक अॅक्रिलिक रेझिनचा पातळ थर, तो सुकला की त्यावर इंडियन इंकने बारीक नंबर, मग वरून परत थर. पॅरालॉइड अॅसिटोनमध्ये विरघळतं म्हणून पुढे कोणाला काढायचं झालं तर काढता येतं. नेलपॉलिश, फेविकॉल, स्टिकर, मार्कर यातलं काहीही नको. आणि हे काम जून ते सप्टेंबर करू नका, अॅसिटोन झपाट्याने उडतं, जागा गार पडते, हवेतली ओल त्यावर बसते आणि थर दुधासारखा पांढरा होतो. दिवाळीनंतर करा. पावसात पेपर वाचा, जुळवाजुळव करा, डेटा एंट्री करा.

आता पावसाचंच आलंय तर. लिग्नाइटमधल्या आणि काळ्या शेलमधल्या (पापुद्र्यांच्या चिकणमातीच्या खडकातल्या) नगांत पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज असतं, त्याला ओल आणि हवा मिळाली की ते सडतं, पिवळट-पांढरी पूड येते, गंधकाचं अॅसिड तयार होतं, आधी लेबल जळतं, मग खोका, मग नग भुगा होतो. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की हा धोका वाढत जातो, आणि आपल्याकडे जुलैत ती कुठे असते ते सांगायला नको. डीह्युमिडिफायरवर भरवसा ठेवू नका, निसर्ग वादळ आलं 3 जून 2020 ला तेव्हा किनाऱ्यावर कित्येक गावांत बरेच दिवस लाइट नव्हते. घट्ट झाकणाचे पॉलिप्रॉपिलिनचे डबे, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, याला लाइट लागत नाही. जेल निळं घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, केशरी घ्या. फक्त लिग्नाइटचं लाकूड फार कोरडं केलंत तर आक्रसून तडकतं, त्यामुळे तिथे जेल कमी, डब्यात 45-50 टक्क्यांवर स्थिर ठेवायचं आणि हळूहळू तिथपर्यंत आणायचं, यात घाई केली तर नग गेला.

शंख-शिंपल्यांवर पांढरी बुकटी आली की सगळे म्हणतात बुरशी लागली. बऱ्याचदा ती बुरशी नसतेच. लाकडी कपाट, प्लायवुड, पुठ्ठ्याचे खोके यातून अॅसिटिक अॅसिडची वाफ निघत राहते, ती चुन्याच्या कवचाला खाते आणि क्षार फुलून येतात, याला बाइनचा रोग म्हणतात. ड्रॉवर उघडला की हलका व्हिनेगरसारखा वास येतो, तोच पुरावा. कपाट बदलून पावडर कोटिंगचं स्टीलचं घ्या, तोवर निदान टाइप तरी बाहेर काढा. डांबरगोळ्या टाकून काही होत नाही, उलट आपल्याच छातीला त्रास.

चिपळूणकरांना पुराचं सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांनीही रजिस्टर आणि टाइप खालच्या खणात ठेवू नयेत, आणि फोटो व नोंदींची एक प्रत दुसऱ्या गावात हवी. म्युनिकमध्ये 1944 च्या बॉम्बहल्ल्यात स्पिनोसॉरस या डायनोसॉरचा होलोटाइप नष्ट झाला, मागे राहिली ती वर्णनं, चित्रं आणि फोटो, पुढच्या संशोधकांनी कित्येक वर्षं त्यावरच काम केलं.

सॉफ्टवेअरचं फार डोक्यात घेऊ नका, साधी स्प्रेडशीट पुरते, फक्त रकाने डार्विन कोर या नोंदींच्या आंतरराष्ट्रीय प्रमाण नमुन्याप्रमाणे ठेवा म्हणजे पुढे कुठल्याही डेटाबेसमध्ये जाईल. प्लेट-आकृतीचा रकाना आधी टेक्स्ट करून ठेवा, एक्सेल 3-2 चं सरळ तारखेत रूपांतर करतं आणि मग कोणालाच कळत नाही मूळ काय होतं.

शिक्षणाचं म्हणाल तर एमएस्सी जिओलॉजी किंवा बॉटनी-झूऑलॉजी, त्यात पॅलिऑन्टोलॉजी मन लावून केलेली, बरोबर बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठासारख्या ठिकाणचा म्युझिऑलॉजीचा कोर्स जमला तर उत्तमच. कायम नोकऱ्या कमी आहेत हे आधीच माहीत असू द्या, जिओलॉजिकल सर्व्हेसाठी यूपीएससीची जिओसायंटिस्ट परीक्षा, लखनौची बिरबल साहनी संस्था, पुण्याची आघारकर संस्था इथल्या प्रोजेक्टच्या जाहिराती बघत राहा. फोटोग्राफी आणि चित्र काढणं येत असेल तर मुलाखतीत जरूर सांगा, त्याची खरंच गरज असते.

शेवटचा प्रश्न तुमच्यासमोर येणारच, खरा होलोटाइप तुमच्या छोट्या कलेक्शनमध्ये निघाला तर काय करायचं. माझं मत स्पष्ट आहे, मोठ्या, कायमस्वरूपी संस्थेत द्यावा, कारण टाइप हे जगातल्या सगळ्या अभ्यासकांसाठी राखायचं असतं आणि विभागप्रमुख रिटायर झाल्यावर खोलीची किल्ली कोणाकडे राहील हे कॉलेजात कोणी सांगू शकत नाही. लोकांना वाईट वाटतं, आपल्या सरांनी गोळा केलेला दगड बाहेर का पाठवायचा, मलाही वाटतं. म्हणून देण्याआधी चांगला साचा घेऊन प्रतिकृती इथे ठेवा, सगळ्या बाजूंनी स्केलसकट फोटो काढा, जुना नंबर आणि नवा नंबर दोन्ही देऊन कुठल्यातरी जर्नलमध्ये छोटी नोंद छापा, आणि हस्तांतराच्या कागदावर दोन्हीकडच्या सह्या घेऊन एक प्रत नगाच्या रिकाम्या खोक्यात ठेवा, जुन्या लेबलच्या फोटोकॉपीसकट.