आमदाराचे हितसंबंध कागदावर कसे शोधावेत

आमदाराच्या संपत्तीकडे पाहताना बहुतेकांची नजर एकूण रकमेवरच खिळते. हितसंबंध तपासायचे असतील तर मात्र कोटींचा आकडा बाजूला ठेवून नावे, पत्ते आणि तारखा टिपाव्यात. सुरुवात नमुना 26 मधील, म्हणजे उमेदवारी अर्जासोबत भरलेल्या शपथपत्रापासून करावी. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते. आमदाराने विधानसभेच्या 2019 आणि 2024 या दोन्ही निवडणुका लढवल्या असतील, तर दोन्ही शपथपत्रे शेजारी ठेवून कोणती भागीदारी, कोणते शेअर, कोणता गाळा नव्याने आला आणि कोणता नाहीसा झाला, हे वहीत उतरवावे. देण्यांचा रकाना लोक सहसा वगळतात. माझ्या मते तोच सर्वांत बोलका असतो, कारण बँकेखेरीज एखाद्या व्यक्तीकडून किंवा बांधकाम कंपनीकडून घेतलेली उसनवारी तिथेच नोंदलेली असते.

शपथपत्रात जोडीदार, अवलंबित आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांची माहिती असते. कमावता मुलगा, भाऊ किंवा मेहुणा त्यात येत नाही, आणि खरी मेख इथेच आहे. समजा, अंधेरीतला एक गाळा शपथपत्रात आमदाराच्या मालकीचा दाखवलेला आहे आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीत मेहुण्याच्या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय त्याच गाळ्यात आहे, तर पुढचा शोध त्या कंपनीच्या संचालकांचा घ्यावा. केवळ आडनाव जुळले म्हणून नाते गृहीत धरू नये. प्रत्येक संचालकाचा वेगळा असणारा संचालक ओळख क्रमांक (DIN) पाहावा.

मुंबईत सातबाऱ्यापेक्षा मालमत्ता पत्रक, म्हणजे शहरी जमिनीचा मालकी उतारा, अधिक उपयोगी पडते. नगर भूमापन क्रमांक (CTS) हाती असल्यास नोंदणी विभागाच्या ई-सर्च या ऑनलाइन सेवेवर सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, पाहता येते, आणि तिच्यात खरेदीदार, विक्रेता, मोबदला व बाजारभाव एकत्र दिसतात. कंपनी बांधकामातली असेल तर महारेरा या राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडील प्रकल्पाची नोंदही काढावी.

एवढ्याने फक्त मालमत्ता कळते. हितसंबंधांचा संघर्ष म्हणायचा तर आमदाराने सभागृहात तोंडी उत्तरासाठी विचारलेले तारांकित प्रश्न, तातडीच्या विषयांवर मांडलेल्या लक्षवेधी सूचना आणि तो ज्या समित्यांवर आहे त्यांचे विषय या कागदांशी ताडून पाहावे लागतात. कंपनीला शासकीय कंत्राट मिळाल्याचे दिसले, तर संबंधित खात्याकडे 10 रुपये शुल्कासह माहिती अधिकाराचा अर्ज करून कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) तारीख मागावी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 9अ खालील अपात्रता आमदाराने स्वतः शासनाशी केलेल्या करारापुरती असल्याने, मेहुण्याच्या कंत्राटावरून ‘अपात्र’ हा शब्द वापरू नये. जुळणी पक्की झाल्यावर कागदांच्या प्रती जोडून आमदाराकडे लेखी खुलासा मागावा आणि उत्तरासाठी ठरावीक मुदत द्यावी.