केमो-रेडिएशनच्या काळात तोंड सांभाळताना

मिरज, कऱ्हाड किंवा पुण्याला कॅन्सरच्या उपचाराची तारीख मिळाली की घरात पैशांची, गाडीची जुळवाजुळव सुरू होते आणि दात 'नंतर बघू' म्हणून राहतात. घोटाळा तिथेच होतो. डोक्याला-मानेला रेडिएशन द्यायचं असेल तर वाचण्यासारखा नसलेला दात आधीच काढून घ्या; जखम भरायला किमान दोन-तीन आठवडे हवेत. रेडिएशनने जबड्याच्या, विशेषतः खालच्या, हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. मग दात काढला तर जखम भरत नाही, हाड मरू लागतं. हा धोका वर्षानुवर्षं राहतो.

मिशरी पूर्ण बंद. इकडे ती 'दात घासायला' म्हणून खपून जाते, पण आहे ती भाजलेली तंबाखूच. हळद-मीठ बोटाने रगडणंही नको, नाजूक हिरडी सोलवटते.

सगळ्यात मऊ ब्रश अर्धा मिनिट कोमट पाण्यात बुडवा. हिरडी आणि दाताच्या सांध्यावर तिरका टेकवून हलके, छोटे गोल फिरवा, दिवसातून दोनदा. पेस्ट फ्लोराइडची, झोंबत असेल तर पुदिन्याची चव नसलेली. दुखतं म्हणून घासणंच सोडलं की कीटण साचतं, हिरडी सुजते आणि रक्त जास्तच येतं. प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी खूप घटल्या असतील तर मात्र ब्रश आणि फ्लॉसचं (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) डॉक्टरांना विचारूनच.

केमोनंतर साधारण पाच ते दहा दिवसांत, रेडिएशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं. तोवर थांबू नका, गुळण्या पहिल्या दिवसापासून करा. कपभर कोमट पाण्यात चहाचा पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ. पापडखार चालणार नाही, तो तीव्र असतो. जागे असताना दर दोन-तीन तासांनी, जेवणानंतर तर हमखास. शेवटी साध्या पाण्याने खळखळून थुंका. अल्कोहोलचा माऊथवॉश आग करतो. कवळी असेल तर रात्री काढून ठेवा.

ठेचा आणि कडक भाकरी काही दिवस बाजूला. भाकरी दुधात पार कुस्करून द्या. तोंड सुकतं म्हणून खडीसाखर चघळू नका. लाळ कमी असताना दात झपाट्याने किडतात. घोट घोट पाणी बरं.

जिभेवर दह्यासारखे पांढरे चट्टे, दाबूनही न थांबणारं रक्त, पाणीही गिळवेना असं झालं तर लगेच कळवा. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर पॅरासिटामॉल देण्याआधी फोन करा, मध्यरात्र असली तरी.