प्रा. लि. काढली तरी घर जप्तीत का जातं? या चुका टाळा

समजा, बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारे दोघे भाऊ मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) फॅब्रिकेशनचं युनिट चालवतात आणि धंदा भागीदारी पेढीचा आहे. 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 25 सांगतं की पेढीच्या सगळ्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही बांधील असतो. धाकट्याने उधारीवर पत्रा उचलला आणि पैसे थकले, तर व्यापारी थोरल्याच्या घरावरही जप्ती आणू शकतो.

प्रायव्हेट लिमिटेड (प्रा. लि.) कंपनी किंवा एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, काढायची ती यासाठी. कंपनी ही कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती आहे. सॅलोमनच्या खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1896 मध्ये हे पक्कं केलं आणि आपला कायदाही त्याच वाटेने चालतो. शेअरची पूर्ण रक्कम भरली असेल तर कंपनीच्या कर्जापोटी भागधारकाकडे आणखी काही मागता येत नाही. एलएलपीत एका भागीदाराच्या चुकीचा भार दुसऱ्याच्या अंगावर येत नाही. संरक्षण खरंच भक्कम आहे, मात्र ते कंपनीच्या देण्यांपुरतं. तुमची स्वतःची सही आणि स्वतःचं कृत्य त्यात येत नाही, आणि घरं जातात ती बहुधा सहीमुळेच.

बँकेच्या फायलीतला जामीन

कॅश क्रेडिट किंवा टर्म लोन घेताना बँक कागदांचा गठ्ठा पुढे करते. त्यात संचालकांची वैयक्तिक हमी असतेच, आणि कधी संचालक नसलेल्या पत्नीची किंवा वडिलांचीही असते. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कंपनीची मशिनरी विकावी, मग माझ्याकडे यावं, असं म्हणता येत नाही. 1 डिसेंबर 2019 पासून कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तीवर थेट एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात) दिवाळखोरीची कारवाई होऊ शकते. बडोद्याच्या कंपनीसाठी ती अहमदाबादला चालते. कंपनीचा रिझोल्यूशन प्लॅन (दिवाळखोरीतून सोडवण्याचा आराखडा) मंजूर झाला म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 2021 मध्ये ललित कुमार जैन प्रकरणात स्पष्ट केलं.

मग काय करायचं? हमी पूर्ण टळेल अशी आशा धरू नका, पण ती किती रकमेची आणि कोणकोणाची यावर घासाघीस जरूर करा. हमीपत्रात कमाल रकमेचा आकडा लिहून घ्या. घरातल्या ज्याचा धंद्याशी संबंध नाही, त्याची सही देऊ नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी सीजीटीएमएसई या कर्जहमी योजनेत 10 कोटींपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय आणि तिऱ्हाइताच्या जामिनाशिवाय मिळू शकतं. शाखेत तिचं नाव घेऊन विचारा, कारण बँक ती स्वतःहून सुचवेलच असं नाही.

यातली सर्वांत महाग चूक राजीनाम्याच्या वेळी होते. संचालकपद सोडलं आणि कंपनीने डीआयआर-12 (संचालक बदलल्याचा फॉर्म) भरला की आपण मोकळे, असं लोक धरून चालतात. हमी मात्र तशीच उभी राहते. पुढच्या व्यवहारांपुरती ती करार कायद्याच्या कलम 130 प्रमाणे लेखी नोटीस देऊन रद्द करता येते. आधीच्या बाकीची जबाबदारी उरतेच. शिवाय बँकेच्या छापील मजकुरात याला आडकाठी घातलेली असू शकते, म्हणून तो आधी वाचा. कर्ज फिटल्यावर सीएचजी-4 (बोजा फिटल्याचा फॉर्म) भरला की कंपनीवरचा बोजा उतरतो. तुमच्या हमीसाठी बँकेकडून मुक्ततेचं वेगळं पत्र घ्या आणि घराचे मूळ दस्त परत आणा.

सही कोणाच्या वतीने?

पुरवठादाराच्या क्रेडिट फॉर्मवर नुसतं नाव लिहून सही ठोकली, तर ती कंपनीची की तुमची, हा वाद उभा राहतो. चेक, हुंडी आणि प्रॉमिसरी नोटच्या बाबतीत तर वादाला फारशी जागाच नाही: निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम 28 म्हणतं की प्रतिनिधी म्हणून सही करतोय हे दाखवलं नाही, तर सही करणारा व्यक्तिशः बांधील. म्हणून सहीच्या वर ‘अमुक इंजिनिअरिंग प्रा. लि. करिता’ आणि खाली ‘संचालक’ हे दोन्ही हवं. नुसता गोल शिक्का पुरत नाही. क्रेडिट फॉर्मच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. ‘संचालक व्यक्तिशः हमी देतात’ असं वाक्य तिथे बसलेलं असतं. ते खोडून बाजूला छोटी सही करा.

बिलबुकं आणि लेटरहेड जुनीच वापरणं ही त्याचीच धाकटी बहीण. कंपनीच्या कागदांवर पूर्ण नाव, नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक) छापणं सक्तीचं आहे. एलएलपीच्या बिलावर नोंदणी क्रमांकाबरोबर मर्यादित जबाबदारीने नोंदणी झाल्याचा उल्लेखही लागतो. बाहेरची पाटी स्थानिक लिपीतही हवी, म्हणजे बडोद्यात गुजरातीत. समोरच्याला आपण कोणाशी व्यवहार करतोय हे कळलंच नाही, तर तो प्रोप्रायटर समजून तुमच्यावरच दावा लावतो आणि कागद त्याला साथ देतात.

नोंदणीच्या आधी केलेला गाळ्याचा भाडेकरारही असाच अंगावर येतो. कंपनी जन्मलीच नव्हती, म्हणजे करार तुमचा. नोंदणीनंतर तो कंपनीच्या नावाने नव्याने करून घ्या.

चेक परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली कंपनीबरोबर सही करणाऱ्या संचालकावरही फौजदारी खटला होतो. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोटीस हातात पडल्यापासून 15 दिवसांत पैसे दिले तर गुन्हा बनत नाही. ही मुदत ‘बघू’ म्हणण्यात घालवू नका.

गल्ला एकच

पोरांची फी कंपनीच्या खात्यातून आणि कंपनीच्या गिऱ्हाइकाचे पैसे घरच्या यूपीआयवर, हा प्रकार सर्रास चालतो. वेगळेपण तुम्हीच पाळलं नाही तर फसवणुकीच्या आरोपात कोर्टानेही ते का पाळावं? पगार ठरवा, तो दरमहा घ्या, बाकी उचल हिशेबात दाखवा.

भागभांडवल कागदावर एक लाख आणि बँकेत शून्य, हेही चालत नाही. ते जमा करून 180 दिवसांत आयएनसी-20ए (धंदा सुरू करण्याच्या घोषणेचा फॉर्म) भरावा लागतो. त्याआधी कंपनीला धंदाही सुरू करता येत नाही आणि कर्जही घेता येत नाही.

हातउसन्याचं प्रकरण याहून गंभीर आहे. शेजारी, मित्र, जुने गिऱ्हाईक यांच्याकडून कंपनीत व्याजाने पैसे घेणं म्हणजे ठेव स्वीकारणं. कंपनी कायद्याच्या कलम 76ए खाली जबाबदार संचालकाला सात वर्षांपर्यंत कैद आणि 25 लाखांपासून 2 कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. प्रा. लि. ला संचालक किंवा त्यांच्या नातेवाइकांकडून घेता येतात, पण ते पैसे स्वतः कुठून उसने आणलेले नाहीत असं लेखी घ्यावं लागतं.

करखात्यापुढे भिंत पातळ

प्रा. लि. कडून वसूल न झालेला आयकर आणि जीएसटी संचालकाकडून वसूल होऊ शकतो. वसुली न होण्यामागे आपला घोर निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन नव्हतं, हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. एलएलपीवाल्यांनी इथे जास्त जपावं: जीएसटी कायद्याच्या या प्रकरणापुरती एलएलपी ही पेढीच मानली जाते आणि कलम 90 प्रमाणे भागीदार एकत्रितपणे व स्वतंत्रपणे जबाबदार ठरतात. पैशाची ओढाताण असेल तेव्हा गोळा केलेला जीएसटी आणि कापलेला टीडीएस आधी भरा.

धंदा बसायला लागला की

पहिली ओढ असते मामांचे पैसे परत करायची. दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली तर नातेवाइकांना मागच्या दोन वर्षांत आणि इतरांना एका वर्षात बाकीच्या देणेकऱ्यांना डावलून दिलेली रक्कम परत मागता येते. कंपनी वाचणार नाही हे ठाऊक असूनही उधारीवर माल उचलत राहिलात, तर दिवाळखोरी संहितेच्या कलम 66 खाली भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी लागू शकते. उधारीत हात आखडता घ्यायचं ठरवलेल्या संचालक सभांच्या नोंदी तारखेनिशी ठेवा.

वार्षिक विवरणपत्रं सलग तीन वर्षं न भरल्यास संचालक पाच वर्षं अपात्र ठरतो, आणि उशिराला प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये पडत राहतात. रजिस्टरमधून नाव कटलं म्हणजे देणी संपली, हाही गैरसमज आहे. देणी उरतात, हे कंपनी कायद्याचं कलम 248 स्पष्ट सांगतं. पेढीची एलएलपी केली तर रूपांतराआधीच्या देण्यांना जुने भागीदार व्यक्तिशः बांधील राहतात, आणि बारा महिने प्रत्येक अधिकृत पत्रावर जुन्या पेढीचं नाव घालून रूपांतराचा उल्लेख करावा लागतो. जुन्या पुरवठादारांची बाकी म्हणूनच रूपांतराआधी चुकती करा, आणि प्रत्येकाकडून सही-शिक्क्याचं ‘बाकी नाही’ पत्र घेऊन फायलीत लावा.