मुलांच्या डीएमएसए स्कॅनचा डोस: या चुका टाळा

डीएमएसए स्कॅन म्हणजे किडनीचं चित्र. त्यासाठी टेक्नेशियम हा किरणोत्सर्गी पदार्थ जोडलेलं डीएमएसए नावाचं औषध शिरेतून टोचतात. धारणी-चिखलदऱ्याकडचं पाच वर्षांचं पोर काट्यावर उभं केलं की कधी कधी १२ किलोच भरतं. रेफर चिठ्ठीवर मात्र ‘वय ५’ एवढंच असतं. मग घाईतला तंत्रज्ञ वयाचं जुनं सूत्र लावतो. वय अधिक एक, भागिले वय अधिक सात, म्हणजे ६ भागिले १२. मोठ्या माणसाचा डोस ५ मिलिक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक), त्याचा अर्धा अडीच. वजनाने हिशोब केला तर किलोमागे ०.०५, म्हणजे फक्त ०.६ मिलिक्युरी. चौपटीहून जास्त डोस गेला, आणि चित्र काही चौपट चांगलं आलं नाही. भरल्या अंगाच्या १८ किलोच्या मुलालाही हे सूत्र तेच अडीच देतं, तिथे ०.९ पुरतं. पाठ आहे म्हणून ते वापरायचं, हे कारण होऊ शकत नाही.

वजन आजचं हवं. चिठ्ठीवरचं नको, अंगणवाडीच्या कार्डावरचंही नको. चपला, स्वेटर काढून तोला. काट्यावर थांबत नसेल तर आईसकट तोला आणि आईचं वजन वजा करा. एवढा वेळ प्रत्येकाकडे असतो.

वजनावरून डोस काढायचा तक्ता एकच धरा, युरोपचा किंवा उत्तर अमेरिकेचा. युरोपच्या कार्डावर डीएमएसएचा मूळ आकडा ६.८ मेगाबेक्वेरेल (दुसरं एकक, ३७ म्हणजे १ मिलिक्युरी) आणि १० किलोचा गुणक २.७१, दोन्हींचा गुणाकार म्हणजे १८.४. अमेरिकेच्या हिशोबाने किलोमागे १.८५, म्हणजे १८.५. वीस किलोला ३३ आणि ३७. फरक किरकोळच आहे. गोंधळ होतो तो एकाचा गुणक दुसऱ्याच्या आकड्याला लावल्यावर, किंवा एमएजी-३ ला (किडनीच्याच दुसऱ्या स्कॅनचं औषध) डीएमएसएच्या रकान्यातला गुणक लावल्यावर.

दुसरी चूक नेमकी उलटी, आणि ती करणाऱ्याला आपण पुण्य करतोय असं वाटतं: ‘लेकरू आहे, थोडा कमीच देऊ.’ दोन्ही तक्त्यांत डीएमएसएचा किमान डोस १८.५ मेगाबेक्वेरेल, म्हणजे ०.५ मिलिक्युरी आहे. सात किलोच्या बाळाला वजनाने ०.३५ येतो, तरी ०.५ च द्यायचा. त्याखाली कॅमेऱ्याला पुरेसे काउंट, म्हणजे टिपलेले किरण, मिळत नाहीत. स्कॅनची वेळ लांबते, बाळ हलतं, चित्र वाया जातं.

एका केंद्रावर हेच झालं, तेही कुणी मुद्दाम डोस कमी न करता. दहा किलोच्या बाळासाठी सकाळी ९ ला ०.५ मिलिक्युरी भरून ठेवला. एसटी उशिरा आली, बाळ १२ ला पोचलं. टेक्नेशियमचं अर्धायुष्य सहा तास, त्यामुळे तीन तासांत सिरिंजमध्ये ०.३५ उरला. परत मोजला नाही. सुई दोनदा निसटली. टोचून झाल्यावर ०.१ सिरिंजमध्येच चिकटून राहिला होता, तोही मोजला नाही. बाळाला मिळाला ०.२५, किमानाच्या अर्धा. चित्र दाणेदार, रिपोर्टमध्ये ‘किडनीवर व्रण आहे की नाही सांगता येत नाही’. दुसऱ्यांदा पूर्ण डोस, दुसऱ्यांदा सुई, आणि आईबापाची आणखी एक मजुरी बुडाली. वाचवायला निघालेला किरणोत्सर्ग शेवटी दीडपट झाला.

म्हणून क्रम असा ठेवा: बाळ आलं, तोललं, इंट्राकॅथ (शिरेतली प्लास्टिकची नळी) लागलं, सलाईन ढकलून शीर चालू असल्याची खात्री झाली, की मगच डोस भरा. कॅलिब्रेटरवर (डोस मोजायच्या यंत्रावर) टेक्नेशियमच निवडलंय ना, त्यातल्या सिरिंज ठेवायच्या रिकाम्या खड्ड्याचा आकडा शून्याजवळ आहे ना, ते बघा. टोचण्याआधी सिरिंज मोजा, वेळ लिहा. डोस ०.१ मिलीत भरू नका, तेवढा तर सुईच्या बुडाशीच अडकतो. किटमधून औषध बनवतानाच असा हिशोब ठेवा की डोस अर्ध्या मिलीच्या आसपास येईल. थ्री-वेतून (नळीला लावायच्या तीन तोंडांच्या तोटीतून) सलाईन ओढून सिरिंज दोन-तीनदा धुवा. मग रिकामी सिरिंज मोजून, वेळेचा फरक धरून वजा करा. रजिस्टरमध्ये जातो तो हा निव्वळ आकडा.

‘.५’ लिहू नका, ‘०.५’ लिहा, टिंब पुसट झालं की पाच होतात. एकक प्रत्येक वेळी लिहा. डीएमएसएच्या कुपीत हवा ढकलू नका, औषध बिघडतं आणि किडनीऐवजी दुसरीकडे जातं.

मे महिन्यात पंचेचाळीस अंशात प्रवास करून आलेलं मूल सुकलेलं असतं. ‘स्कॅन’ म्हटलं की घरचे उपाशी आणतात, आणि फोनवर कुणी सांगितलेलं नसतं. डीएमएसएला उपास लागत नाही. झोपेचं औषध द्यायचं असेल तरच लागतो, आणि किती तासांचा ते भूलतज्ज्ञाला विचारून आधीच कळवा. एरवी पाणी, दूध पाजा, वरचेवर लघवी होऊ द्या. मूत्राशयाला कमी डोस बसतो. चित्र घ्यायच्या आधी, म्हणजे टोचल्यानंतर दोन-तीन तासांनी, लंगोट बदला. ओल्या लंगोटातली लघवीही चित्रात चमकते.